तळाचा उतार

रस्ता ओलांडताना दादाने धाकट्या भावाची बाही धरली. झालं ते एवढंच. दोघं फुटपाथच्या कडेला उभे होते, गाड्या बघायला दादाने मान एकदा डावीकडे वळवली, मग उजवीकडे, पाऊल खाली टाकलं, आणि धाकट्याच्या दंडाजवळच्या कापडाला असा हिसका बसला की शर्टाचं वरचं बटण गळ्याला काचलं. लगेच हात सुटला. "काहीतरी लागलंय तुझ्या बाहीला," असं म्हणत दादाने ती बाही दोनदा झटकली आणि तो पुढे चालू लागला, नेहमीसारखा, पाय जरा फाकवून, छाती काढून. बाहीला काहीही लागलेलं नव्हतं. धाकटा रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. एका गाडीवाल्याने भोंगा वाजवून शिवी हासडली, ती त्याने ऐकली आणि ती आपल्यालाच आहे हे त्याला बऱ्याच वेळाने उमगलं. दादाने त्याला आयुष्यात कधी धरलंच नव्हतं असं नाही. कॉलर धरून ओढलं होतं, कान धरला होता, पोहायला शिकवताना पोटाखाली हात धरला होता, वडील गेले तेव्हा खांदा धरला होता. पण ते सगळं धरणं धाकट्याला सावरण्यासाठी होतं. आज दादाने स्वतःला सावरलं होतं, आणि वर थाप मारली होती. पलीकडच्या फुटपाथवर पोचल्यावर दादा म्हणाला, "चल रे, काय रेंगाळतोस," आणि दोघं इंजिनवाल्याच्या दुकानात शिरले.

इंजिन दादाच्या बोटीसाठी बघायचं होतं. बोट अजून नव्हती. ती धाकट्याच्या टेबलावर, कागदावर होती, आणि कागदावरही तिला तळ नव्हता. दादा सगळी नोकरी बंदराच्या पायलट बोटीवर सुकाणू धरून उभा राहिला. मोठ्या जहाजांना आत आणणारा पायलट त्या जहाजापर्यंत पोचवायचा आणि परत आणायचा, उन्हात, पावसात, धुक्यात. निवृत्तीच्या समारंभात भाषण करा म्हटल्यावर तो म्हणाला होता, मी आजवर लोकांना दुसऱ्यांच्या जहाजावर सोडलं, आता स्वतःच्या बोटीतून जिथे वाटेल तिथे जाणार. आणि खाली बसला होता. धाकटा अल्युमिनियमच्या छोट्या बोटी बांधणाऱ्या कारखान्यात आराखडे काढायचा. गंमत अशी की त्याने काढलेल्या शेकडो बोटी पाण्यावर होत्या आणि तो स्वतः पाण्यावर जात नसे. समुद्र लागायचा त्याला. धक्क्याला बांधलेल्या बोटीत पाय ठेवला तरी पोटात कालवायचं. "आमचा धाकटा उंटावरून शेळ्या हाकतो," असं दादा चारचौघांत सांगायचा, आणि सांगताना त्याच्या आवाजात जो अभिमान असायचा तो लपायचा नाही. त्याने बोट सांगितली ती उभ्या उभ्या, दोन वाक्यांत. एकट्या माणसाची, उघडी, मागे एक इंजिन. आणि तळ खोल, वीस अंश, "त्यात तुझी अक्कल चालवू नकोस."

तळ हीच सगळी बोट असते, बाकीचं सामान. सपाट तळाची बोट थांबली की टेबलासारखी थांबते, तिच्यात उभं राहून माणूस शर्ट बदलू शकतो. पण पळायला लागली की प्रत्येक लाटेवर धाडकन आदळते, दातांवर दात बसतात, पत्रा किंचाळतो. खोल तळ, म्हणजे मधल्या कण्यापासून दोन्ही बाजूंनी तिरका वर जाणारा, लाट कापत जातो, पळताना लोण्यासारखा मऊ. आणि थांबला की डुलतो. जरा एका बाजूला झुकलात की बोट झुकते, सावरायला दुसऱ्या बाजूला गेलात की तिकडे. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. दोन्ही गुण एकाच तळात द्या म्हणणारं गिऱ्हाईक अधूनमधून यायचंच, आणि धाकटा त्याला शांतपणे विचारायचा, तुम्ही बोटीत जास्त वेळ पळणार की थांबणार? बहुतेक माणसांनी स्वतःला हे विचारलेलं नसायचं. दादाला हा प्रश्न त्याने विचारला नव्हता, कारण दादाला प्रश्न विचारायची पद्धत घरात नव्हती. आता दुकानात दादा इंजिनावर वाकून दुकानदाराशी हुज्जत घालत होता आणि धाकटा त्याच्या पायांकडे बघत होता. दादाने एक मांडी काउंटरला टेकवली होती. दादा कधी कशाला टेकायचा? धाकट्याला आठवेना. आधीपासून टेकत असेल आणि आपण बघितलं नसेल, असं त्याने स्वतःला सांगितलं, आणि ते त्याला पटलं नाही.

दोन दिवसांनी वहिनीचा फोन आला. वहिनी फोनवर कधी इकडचं तिकडचं बोलत नसे, पण त्या दिवशी तिने हवा, भाज्या, शेजारच्यांचं बांधकाम असं बरंच बोलून घेतलं. मग म्हणाली, "भावजी, मी फोन केला हे यांना सांगू नका. बोटीचं कुठवर आलंय?" चाललंय, असं तो म्हणाला. "तोंड धुताना डोळे मिटतात ना आपण," वहिनी म्हणाली, "तेव्हा हे हल्ली एका हाताने बेसिन घट्ट धरून ठेवतात. साबण एकाच हाताने लावतात. आंघोळ बसून करतात. मी विचारलं तर म्हणाले, वय झालं, उभ्याने काय मिरवायचंय." पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज आला. "डॉक्टरकडे एकटेच जाऊन आले. मला काही सांगत नाहीत. बोटीचं नाव काढलं की तेवढे खुलतात. म्हणून मी गप्प आहे. पण तुम्हाला कळतं त्यातलं. तुम्ही बघा काय ते." त्याने फोन ठेवला. तुम्ही बघा काय ते. म्हणजे काय बघायचं? त्याने समोर बघितलं तर आराखड्याचा कागद होता आणि कागदावर बोटीच्या दोन्ही बाजूंच्या रेषा काठापर्यंत येऊन थांबलेल्या होत्या, खाली काही नाही. त्याच्या डोळ्यांसमोर दादा आला, एकटा, थांबलेल्या बोटीत, नांगर टाकायला पुढच्या टोकाकडे जाणारा, बोट एका बाजूला झुकतेय आणि धरायला कुणाची बाही नाही. पाण्यात पडल्याचा आवाज त्याने मुद्दाम ऐकला नाही. पण त्यानंतर रिकामी डुलत राहिलेली बोट त्याला दिसलीच, आणि ती त्याने काढलेली बोट होती.

लहानपणी एक बोट घरात होती. लाकडी, सपाट तळाची, वडिलांची. वडील कडक होते, आणि पोराने वयात आल्यावर खाडीच्या तोंडापर्यंत बोट नेऊन आणायची असा त्यांचा दंडक होता, जिथे खाडीचं पाणी समुद्राला भिडतं आणि लाटा वेड्यावाकड्या उठतात. दादा कधीच नेऊन आला होता. धाकट्याच्या वेळी सोबत दादा होता, पण सुकाणू धाकट्याच्या हातात. लाटा सुरू झाल्या आणि बोट आदळायला लागली, पाठीचा कणा प्रत्येक वेळी डोक्यात शिरल्यासारखा वाटे. तो आधी ओकला आणि मग रडला. ओकण्याची त्याला लाज वाटली नाही, रडण्याची वाटली. दादाने त्याच्या हातातून सुकाणू घेतलं, बोट वळवली, आणि येताना काठाजवळ पाणी उथळ झाल्यावर इंजिनाचं झाकण काढून ओंजळभर पाणी आत ओतलं. घरी वडिलांना सांगितलं, इंजिनात पाणी गेलं म्हणून परतलो, माझंच लक्ष नव्हतं. वडिलांनी दादाला जे बोलायचं ते बोलून घेतलं, आणि दादा ते खाली मान घालून ऐकत असताना धाकटा दाराआड उभा होता. पुढे त्यावर दोघांत कधीही शब्द निघाला नाही. धाकट्याला पुन्हा कुणी तिथे पाठवलं नाही. झाकली मूठ झाकलेलीच राहिली. या घरात प्रेम असं केलं जायचं, समोरच्याचं उणं दिसलं की आपण दुसरीकडे बघायचं आणि वर एखादी थाप मारायची. म्हणून वहिनीच्या फोननंतर त्याने जे केलं ते करताना त्याला आपण काही वाईट करतोय असं वाटलंच नाही. उलट ऋण फिटतंय असं वाटलं, आणि त्या वाटण्याने त्याला इतकं भरून आलं की चष्मा काढून पुसावा लागला.

त्याने पुढचं टोक तसंच धारदार ठेवलं, दादाला हवं तसं, लाटेवर चाकू धरल्यासारखं. पण तिथून मागे येताना तो उतार हळूहळू कमी करत नेला, इतक्या बेताने की समोरून बघणाऱ्याला कळू नये, आणि माणूस जिथे उभा राहतो तिथपासून मागे तो दहा अंशांवर आणला. दोन्ही कडांना रुंद सपाट पट्ट्या दिल्या, बोट डुलायला लागली की पाण्यावर हात टेकावेत तशा. थांबलेल्या स्थितीतलं गणित पुन्हा पुन्हा मांडलं. आकडे सुंदर येत होते. दादा एका बाजूच्या काठावर बसला तरी बोट जेमतेम वाकत होती. आराखड्याच्या कोपऱ्यात मात्र त्याने वीस लिहिलं. पळताना जरा आदळेल, तो मनाशी म्हणाला, आदळू दे, आदळण्याने कुणी मरत नाही. दुपारी जेवताना डबा उघडून तो तसाच बसून राहिला. कारण एक गोष्ट अजून व्हायची होती आणि तिच्यातून सुटका नव्हती.

कारखान्याची एक जुनी रीत होती. पत्रा कापण्याआधी बोटीचा पूर्ण मापाचा आराखडा खडूने जमिनीवर काढायचा, आणि ज्याची बोट त्याला त्या खडूच्या बोटीत उभं करायचं. तो सुकाणूच्या जागी उभा राहणार, डोळे मिटणार, आणि सांगितलं की हात पुढे करणार: इंजिनाचा दांडा कुठे, दोर कुठे, कठडा कुठे. हात जिथे जाईल तिथे वेल्डरने खूण करायची आणि वस्तू तिथेच बसवायची. तोंडावर पाणी उडत असताना डोळे कुणाचे उघडे असतात? गिऱ्हाइकांना ही रीत फार आवडायची. मोठी मोठी माणसं डोळे मिटून लहान मुलांसारखी हवेत हात फिरवायची. आणि दादाला ही रीत तोंडपाठ होती, कारण धाकट्याने नोकरीला लागल्या वर्षी घरी येऊन ती सांगितली तेव्हा दादाच म्हणाला होता, तुझ्या त्या कारखान्यात निदान एक माणूस तरी समुद्रावर जाऊन आलेला दिसतो.

दादा आला तो इस्त्रीचा शर्ट घालून. वेल्डरला कारखान्यात सगळे मौनी म्हणत, कारण त्याचं तोंड कधीच बंद नसे. त्याने दादाला हवेपासून सरकारपर्यंत सगळं दारातच ऐकवलं. टेबलावर बोटीचा पुठ्ठ्याचा नमुना होता, हातभर लांब. दादाने तो उचलला, पुढून बघितला, मान हलवली, उलटा केला, आणि मागच्या भागावर आपला तळहात टेकवून क्षणभर तसाच ठेवला. मग नमुना होता तिथे ठेवून दिला. "चला," तो म्हणाला, "उभा करा मला."

धाकटा त्याच्या आडवा आला. "दादा," तो म्हणाला, "तुझं काय, तुला हाताला सवय आहे. डोळे उघडे ठेवूनच सांग तू. आपण घरचेच आहोत."

मौनी हसला. "साहेब, घरच्यांना माफी कधीपासून? मालकांच्या सासऱ्यांनापण मिटायला लावले होते तुम्ही."

दादाने धाकट्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग खडूच्या रेषेवरून सावकाश आत पाय टाकला, सुकाणूच्या जागी जाऊन पाय फाकवून उभा राहिला, आणि डोळे मिटले.

तो झाड पडावं तसा पडला नाही. आधी नुसता उभा होता. मग त्याच्या पोटऱ्या पॅंटमधून थरथरताना दिसायला लागल्या, खांदे एका बाजूला निघाले, परत आले, जास्त दुसऱ्या बाजूला गेले. कारखान्याची जमीन सिमेंटची होती आणि तिच्यावर दादा बुडत्या माणसासारखा हात पसरून काहीतरी शोधत होता. धाकट्याने झेप घेऊन त्याला कमरेत धरलं तेव्हा दादाचं सगळं वजन त्याच्या अंगावर आलं, आणि ते त्याला वाटलं होतं त्यापेक्षा फार कमी होतं. मौनीच्या हातात खडू तसाच राहिला. "कॉम्प्रेसर बंद करून येतो," तो पुटपुटला आणि निघून गेला. कॉम्प्रेसर सकाळपासून बंदच होता.

दादा खाली बसला, खडूच्या बोटीच्या मध्यभागी, गुडघे उभे करून. धाकटाही त्याच्याजवळ बसला. लांबून कुणी बघितलं असतं तर दोन प्रौढ माणसं जमिनीवरच्या रेषांमध्ये बसून खेळतायत असं वाटलं असतं. "कधीपासून?" त्याने विचारलं.

"तो ताप आला होता ना, दवाखान्यात राहिलो होतो. इंजेक्शनांनी ताप गेला आणि कानातलं तोल सांभाळणारं जे काय असतं ते पण गेलं. दोन्हीकडचं." दादा तळहात एकमेकांवर घासत होता. "परत येत नाही म्हणतात. डोळ्यांवर आणि पायांवर भागवायचं. डोळे उघडे असले की बरा असतो मी. तुझ्या वहिनीने फोन केला होता?"

"नाही."

"बरं," दादा म्हणाला. "तळ किती केलास मागे?"

धाकट्याने मान खाली घातली. "दहा."

"मला हाताला बारा वाटला." त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळे धाकट्याला जास्त भीती वाटली. "चांगल्यासाठीच केलं असशील. आता ऐक. मी रस्त्याने चालतो ना, टाच जोरात पडली की समोरची पाटी उड्या मारते. अक्षरं लागत नाहीत. समोरून येणारा माणूस नुसता हलताना दिसतो, कोण ते कळत नाही. लोक म्हणतात, निवृत्त झाल्यावर म्हातारा माजला, ओळख दाखवत नाही. तुझी ती दहावाली बोट लाटांवर आदळायला लागली की मला पुढचं काही दिसणार नाही. खडक नाही, किनारा नाही, दुसरी बोट नाही. आंधळा करून सोडला असतास मला, बाबा."

ते सुंदर आलेले आकडे धाकट्याच्या डोळ्यांपुढून गेले. थांबलेल्या बोटीत दादा पडू नये म्हणून त्याने रात्रंदिवस रक्त आटवलं होतं, आणि पळत्या बोटीत दादाला मारायची पक्की व्यवस्था करून, वर कोपऱ्यात वीस लिहून, तो कृतकृत्य होऊन बसला होता. विचारलं असतं तर कळलं असतं. एक प्रश्न. कुठल्याही परक्या गिऱ्हाइकाला तो विचारतो तो. त्याला स्वतःची इतकी शिसारी आली की त्याने बसल्या जागी पायाने खडूची एक रेषा पुसून टाकली.

"मी वीस केली," तो अखेर म्हणाला, "तर थांबल्यावर डुलेल. नांगर टाकायला पुढे जाशील तू."

"जाईन ना."

"म्हणजे पडशील."

"हो," दादा म्हणाला.

बाहेर कुणीतरी पत्र्यावर हातोडा मारत होतं आणि प्रत्येक ठोक्याला दादाच्या पापण्या हलत होत्या. "पळत्या बोटीत मी पहिल्यासारखा असतो रे," तो हळूच म्हणाला. "मागच्या महिन्यात जुन्या माणसांनी पायलट बोटीवर नेलं होतं एकदा. खोल तळ तिचा. सुकाणू दिलं हातात. क्षितिज जागच्या जागी होतं. तेवढा वेळ मला काही झालेलंच नव्हतं. मग धक्क्याला लावली, आणि उतरायला दोघांनी धरलं. थांबल्यावरचं मला माहीत आहे. मी त्याचा विचार केलेला नाही असं समजू नकोस." धाकट्याला त्या वाक्याचा अर्थ नीट कळला. दादाने एकट्या माणसाची बोट का सांगितली होती ते त्याला कळलं.

"एकट्याने जायचं नाही," तो म्हणाला. दादाशी या आवाजात तो जन्मात कधी बोलला नव्हता.

"मग कोण येणार? वहिनी? तिला पोहता येत नाही."

"मी येतो."

दादा हसला. हसताना तोल जाऊ नये म्हणून त्याने एक हात जमिनीवर टेकवला. "तू? धक्का सुटायच्या आत ओकशील."

"ओकेन," धाकटा म्हणाला. "ओकून झालं की नांगर टाकेन."

"एक दिवस येशील, दोन दिवस येशील."

"दर वेळी ओकेन. त्याची मला लाज नाही. तू बसून राहायचंस. सुकाणू सोडून उठायचं नाही, दोर मी बघणार, पुढे मी जाणार. कबूल असेल तर वीस काढतो. नाहीतर बोट नाही."

दादा खडूच्या टोकदार पुढच्या भागाकडे बघत होता, जिथे कुणीच बसायचं नव्हतं असं ठरलं होतं. मौनी दूर मशीनपाशी उभा राहून एकच फडकं पुन्हा पुन्हा झटकत होता. वहिनी आत्ता घरी काय करत असेल असं धाकट्याच्या मनात आलं. नाही म्हणेल, त्याला वाटलं, उठेल, इस्त्रीचा शर्ट झटकेल आणि दुसऱ्या कारखान्यात जाईल, आणि तिथे त्याला कुणीही काहीही न विचारता हवी ती बोट बांधून देतील.

"तुझं वजन किती रे आता?" दादाने विचारलं.

"पंच्याऐंशी."

दादाने नुसतं त्याच्याकडे बघितलं.

"नव्वद," धाकटा म्हणाला.

"मग बोट हातभर लांबवावी लागेल," दादा म्हणाला.